समुद्रफूल टाकीत कधी सोडावं?

मागच्या व्याख्यानात आपण खाऱ्या पाण्याची पहिली टाकी कशी लावायची ते पाहिलं. त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल होते: टाकीत समुद्रफूल कधी सोडायचं? आज तेवढाच विषय घेऊ. उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्हाला वाटतं त्याच्या बरंच नंतर. का, ते आता पाहू.

समुद्रफूल, म्हणजेच सी अ‍ॅनिमोन, हे नाव जरा फसवं आहे. ते फूल नाही, प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिशच्या गोतातला. मुंबईत जुहूच्या किंवा कार्टर रोडच्या खडकाळ भागात ओहोटीला गेलात, तर डबक्यांत अशी फुलं बघायला मिळतात. खाली पायाची चकती, वर तोंड आणि तोंडाभोवती शुंडके. शुंडक्यांत दंशपेशी असतात, त्यांनी ते भक्ष्य पकडतं. शरीराला दार एकच. खाणं त्याच तोंडाने आत जातं आणि उरलंसुरलं त्याच तोंडाने बाहेर येतं.

आता एक गोष्ट सांगतो. १८२८ साली स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल उचललं आणि काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलियेल १८५१ मध्ये वारले. फूल मात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी म्हणत. फिल्टर नाही, पंप नाही, विजेचा दिवा नाही. मग होतं काय? वरचेवर बदललेलं समुद्राचं ताजं पाणी, बेताचं खाणं आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारी माणसं.

यातून पहिली गोष्ट कळते ती ही, की या प्राण्याचं आयुष्य मोठं असू शकतं. आपल्या टाकीत ते तीन महिन्यांत मेलं, तर 'वय झालं असेल' असं म्हणून चालणार नाही. चूक बहुधा आपलीच असते.

दुसरी गोष्ट, त्या आजीचं सगळंच आपल्याला लागू होत नाही. ती थंड किनाऱ्यावरची, भरती-ओहोटीचे हेलकावे सोसणारी जात. दुकानात मिळतं ते बबल टिप किंवा त्याच्यासारखं उष्ण समुद्रातलं फूल. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणून प्रवाळांसाठी असतो तसा जोरदार एलईडी दिवा इथे लागतोच. शोभेच्या साध्या दिव्याखाली हा प्राणी आठवडेच्या आठवडे हळूहळू उपाशी मरतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसला की आपल्याला वाटतं, झाली टाकी तयार. माशांसाठी झाली असेल. पण पाण्याचे चढउतार त्यानंतरही कित्येक महिने चालू राहतात. मासा ते एकवेळ सोसतो, समुद्रफूल सोसत नाही. म्हणून किमान सहा महिने थांबा. वर्षभर थांबलात तर आणखी चांगलं.

हे आम्ही पुस्तक वाचून शिकलो नाही, बरं का. आमच्या पहिल्या टाकीत आम्ही दुसऱ्याच महिन्यात समुद्रफूल आणलं. दुकानात ते पांढरंशुभ्र दिसत होतं, आम्हाला वाटलं दुर्मिळ रंग आहे. खरं तर त्याच्यातलं शैवाल निघून गेलं होतं, म्हणून ते पांढरं पडलं होतं. बारा दिवसांनी सकाळी उठलो तर पाणी गढूळ, घरभर कुजका वास, आणि दोन्ही क्लाउनफिश तळाशी. रात्री मेलेलं समुद्रफूल सडलं आणि त्याच्या अमोनियाने मासेही गेले.

तेव्हा निवडताना हे बघा. तोंड घट्ट मिटलेलं हवं, लोंबणारं नको. शुंडके चिकट हवेत. पायाची चकती कुठे फाटलेली नसावी. रंग तपकिरी, हिरवट असा हवा; पांढरं फूल नको, आणि भडक पिवळं किंवा गुलाबी असेल तर ते रंगवलेलं तर नाही ना, अशी शंका घ्या.

टाकी निदान दोनशे लिटरची असावी, कारण थोडं पाणी लवकर बिघडतं. तापमान २५ ते २७ अंश. क्षार लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहतं. त्यामुळे पातळी उतरली की भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वाफ भरपूर होते, तेव्हा ही भर रोज घालावी लागते. त्याच दिवसांत वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

आणखी एक. समुद्रफूल चालतं! जागा आवडली नाही तर पाय सोडवून दुसरीकडे जातं. म्हणून ते आणण्याआधी प्रत्येक पॉवरहेडच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावा, नाहीतर पंपात ओढलं जाऊन त्याच्या चिंध्या होतात. एकदा का ते खडकाच्या कपारीत बसलं, की तुम्ही त्याला हलवू नका.

खायला आठवड्यातून एखाद-दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा, त्याच्या तोंडापेक्षा लहान. खाल्ल्यावर ते कधीकधी आक्रसतं आणि तपकिरी घाण टाकतं. घाबरू नका, काही तासांत पुन्हा फुलतं. पण तोंड उघडंच राहिलं, पाय सुटला आणि वास यायला लागला, तर वाट न पाहता बाहेर काढा. माशांच्या आजारावर तांबं असलेलं औषध मिळतं, ते या टाकीत कधीही घालू नका. माशाला वाचवताना फूल मरेल.

शेवटी नेहमीचा प्रश्न: "आमच्याकडे क्लाउनफिश आहे, त्याला समुद्रफूल नको का?" समुद्रात त्याला ते हवं असतं, कारण तिथे त्याला खाणारे मासे असतात. तुमच्या टाकीत त्याला खाणारं कोणी नाही. तो समुद्रफुलाशिवायही मजेत जगतो. शिवाय दुकानात नेहमी दिसणारा ओसेलॅरिस क्लाउनफिश समुद्रात बबल टिपमध्ये राहतच नाही. टाकीत तो कधी ते स्वीकारतो, कधी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

म्हणजे माशासाठी म्हणून समुद्रफूल आणायचं कारण नाही. आणायचं तर त्याच्यासाठीच आणा, आणि टाकी तयार झाल्यावर आणा. तोवर एक वही करा. रोजचं तापमान, आठवड्याचे क्षार आणि नायट्रेट लिहीत जा. सलग तीन महिने ते आकडे फारसे हलले नाहीत, आणि तोवर टाकीलाही सहा महिने झाले असतील, तर खुशाल दुकानात जा. आकडे हलत असतील, तर अजून थोडं थांबा.