उच्च शिक्षणाचे दुसरे वर्ष

आषाढ लागला की माळशिरस तालुक्यात तीन गोष्टी एकदमच येतात. श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर ह्या वाटेने पंढरपूरकडे जाते. कोरडवाहू रानात बाजरीची पेरणी चालू असते. आणि महाविद्यालयांत गेलेल्या मुलामुलींच्या फीची, खोलीभाड्याची व खानावळीची मागणी घरी येते. ह्या दिवसांत शेतकऱ्याजवळ रोकड नसते. नीरा उजव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात उसाचा पैसा गळीत हंगामात मिळतो. पिलीवकडील जिराईत भागात शाळूची रास फाल्गुनाच्या सुमारास घरी येते. पैसा हिवाळ्या-उन्हाळ्यात आणि खर्च पावसाळ्यात, ही ओढाताण दरवर्षीची आहे.

पहिल्या वर्षी ही अडचण कशीबशी निभावते. मुलाला प्रवेश मिळाल्याचा आनंद असतो, मामा-काका हात देतात, एखादी शेळी विकली जाते. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या वर्षी. नातेवाइकांकडे पुन्हा हात पसरता येत नाही, विकण्याजोगे काही उरलेले नसते, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पुन्हा करावयाचा असतो हे घरात कोणास ठाऊकच नसते. पेरणी साधली, उगवण चांगली झाली, पण शाळू पोटरीत असताना एक पाणी चुकले, तर कणीस भरत नाही. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचे तसेच होते. केलेला खर्च जातो आणि पदवीही हाती येत नाही.

गरीब विद्यार्थ्यास शिक्षणासाठी आधार देण्याची परंपरा ह्या प्रदेशात जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात वसतिगृहाच्या कार्याला चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले व श्रम करून शिकण्याची वाट पदवीपर्यंत पोहोचली. ह्या सर्वांनी एक गोष्ट ओळखली होती: केवळ फी माफ करून भागत नाही, मुलाच्या जेवणाची व राहण्याची सोय शिक्षण पुरे होईपर्यंत टिकली पाहिजे.

आज शासनाच्या योजना पुष्कळ आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 सालापासून चालत आली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांस राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. ज्यांचे नाव ह्या भत्त्यास दिले आहे ते पंजाबराव 1952 ते 1962 ह्या काळात देशाचे कृषिमंत्री होते. 2024-25 ह्या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. मुलीचे शिक्षण खर्चापायी थांबवू पाहणाऱ्या घरी ही माहिती अगत्याने सांगावी.

परंतु बहुतेक शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. विद्यार्थ्याने अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो महाविद्यालयाने तपासून पुढे खात्याकडे पाठवावा लागतो, आणि त्रुटी असल्यास परत येतो. परत आलेला अर्ज कोणी पाहिलाच नाही, तर वर्ष हातचे जाते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी पुढील बाबींची आठवण करून द्यावी:

1. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदतीत आहे किंवा नाही ते उन्हाळ्यातच पाहावे. मुदत संपली असल्यास आपले सरकार सेवा केंद्रातून नवा काढावा. पेरणीच्या व प्रवेशाच्या धांदलीत तेथे गर्दी होते.

2. विद्यार्थ्याचे बँक खाते चालू असावे व आधार क्रमांकाशी जोडलेले असावे. जोडणी नसल्यास मंजूर रक्कमही खात्यात जमा होत नाही.

3. मागील वर्षाची गुणपत्रिका व फीची पावती जपून ठेवावी.

4. अर्ज केल्यावर दर पंधरवड्यास त्याची स्थिती पाहावी व महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करावी.

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी रक्कम हाती येण्यास विलंब लागतो. तोवर घरची तरतूद हवी. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी मिळतो, म्हणजे वर्षात सुमारे 36 वेळा. प्रत्येक पगारातून 500 रुपये टपाल कार्यालयात अथवा बँकेत वेगळे ठेवल्यास वर्षाअखेर 18,000 रुपये जमतात. गायी आटल्या असता ही रक्कम कमी होईल, पण जे जमेल ते आषाढात उपयोगी पडेल. ऊस उत्पादकांनी पहिल्या हप्त्यातून आणि ज्वारीवाल्यांनी रास विकताच पुढील वर्षाच्या फीचा वाटा बाजूला काढावा.

एवढ्यानेही न भागल्यास सावकाराकडे जाण्यापूर्वी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. 4 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास सामान्यतः जमीन अथवा घर तारण द्यावे लागत नाही, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. मात्र शिक्षणाच्या काळातही व्याज चढत असते, हे ध्यानात ठेवून गरजेपुरतेच कर्ज काढावे.

पीककर्जाचे नूतनीकरण शेतकरी विसरत नाही, कारण ते चुकले की पुढचा हंगाम अडतो. मुलाच्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही त्याच वहीत, त्याच काळजीने लिहून ठेवावे. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत आपल्या गावातील दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. नव्या प्रवेशाचा पेढा गावाने खाल्लेला असतोच. पदवीचा पेढा खावयाचा असेल, तर मधल्या वर्षांची विचारपूसही गावानेच केली पाहिजे.