मोटार अपघात विमा दावा (भारत)

मोटार अपघात विमा दावा म्हणजे रस्ते अपघातात झालेले वाहनाचे नुकसान, शारीरिक इजा किंवा मृत्यू यांबद्दल विमा कंपनीकडे अथवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे केलेली भरपाईची मागणी होय. प्रस्तुत लेखात चूक समोरच्या वाहनचालकाची असताना बाधित व्यक्तीला भारतात उपलब्ध असणाऱ्या मार्गांचे विवेचन आहे. ज्याची चूक त्याच्या विमा कंपनीने सर्व भरपाई द्यावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. शारीरिक इजा व मृत्यूच्या बाबतीत भारतीय कायदा या समजुतीशी बराच जुळतो. वाहनाच्या नुकसानीच्या बाबतीत मात्र चूक नसलेल्या मालकाला व्यवहारात बहुधा स्वतःच्याच विमा कंपनीकडे जावे लागते आणि त्याची काही किंमतही मोजावी लागते.

पार्श्वभूमी

भारतात मोटार विम्याची सक्ती १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील तरतुदींनुसार १ जुलै १९४६ पासून लागू झाली. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद करण्यात आली. सध्याचा मोटार वाहन अधिनियम १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. २०१९ मध्ये त्यात व्यापक दुरुस्ती झाली. विमा व भरपाईविषयीच्या बहुतेक दुरुस्त तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत.

अधिनियमाच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्ष विमा (बोलीभाषेत 'थर्ड पार्टी') आवश्यक आहे. त्रयस्थ पक्ष म्हणजे विमाधारक आणि त्याची विमा कंपनी यांखेरीज अपघाताची झळ बसलेली व्यक्ती, उदाहरणार्थ पादचारी, सायकलस्वार किंवा दुसऱ्या वाहनातील माणसे. विम्याशिवाय वाहन चालवल्यास कलम १९६ नुसार पहिल्या वेळी २,००० रुपये व पुन्हा तसे केल्यास ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा (ओन डॅमेज) ऐच्छिक असतो. दोन्ही एकत्र असलेल्या पॉलिसीला सर्वसमावेशक किंवा पॅकेज पॉलिसी म्हणतात. चूक नसलेल्या वाहनमालकाला पुढे कोणते मार्ग खुले राहतात, हे त्याच्याकडे यांपैकी कोणती पॉलिसी आहे यावर अवलंबून असते.

वाहनाचे नुकसान

दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान त्रयस्थ पक्ष विम्यात समाविष्ट आहे. खासगी मोटारींच्या प्रचलित पॉलिसीत यासाठी ७.५ लाख रुपयांची आणि दुचाकींच्या पॉलिसीत १ लाख रुपयांची मर्यादा असते. थोडी सवलत घेऊन ही मर्यादा ६,००० रुपयांपर्यंत खाली आणण्याचा पर्यायही काही मालक स्वीकारतात. तसे असल्यास उरलेली रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी लागते. हा दावा समोरच्या कंपनीच्या शाखेत साधा अर्ज देऊन सहसा निकाली निघत नाही. तो न्यायाधिकरणापुढे दाखल करावा लागतो आणि तेथे समोरच्या चालकाची चूक सिद्ध करावी लागते. बंपर व दरवाजाच्या दुरुस्तीसाठी वकील लावून तारखांना हजर राहणे बहुतेकांना परवडत नाही.

त्यामुळे सर्वसमावेशक पॉलिसी असलेला मालक आपल्याच कंपनीकडे दावा करतो. येथे चूक कोणाची, हा प्रश्न जवळजवळ गैरलागू ठरतो. चालकाकडे वैध परवाना असणे, त्याने मद्यपान केलेले नसणे आणि वाहन पॉलिसीत नमूद कारणासाठीच वापरात असणे, एवढ्या अटी पूर्ण झाल्या की कंपनी दुरुस्तीचा खर्च देते. परवान्याची मुदत संपलेली असेल, तर मात्र धडक पूर्णतः दुसऱ्याने दिलेली असतानाही हा दावा अडचणीत येतो. भरपाई दिल्यानंतर दोषी पक्षाकडून वसुली करण्याचा विमाधारकाचा हक्क त्याच्या कंपनीकडे जातो. याला प्रत्यासन (सब्रोगेशन) म्हणतात. प्रत्यक्षात दोन्ही वाहने विमाकृत असल्यास कंपन्या एकमेकींकडे अशी वसुली क्वचितच करतात. ज्याच्या वाहनाचे नुकसान त्याच्या कंपनीने ते भरावे, असा समझोता विमा व्यवसायात दीर्घकाळ चालत आला असून त्याला 'नॉक फॉर नॉक' असे नाव आहे. या समझोत्यामुळे कंपन्यांचा आपापसांतील वादाचा खर्च वाचतो. विमाधारकाच्या पदरी पडणाऱ्या वजावटींची जबाबदारी मात्र त्यामुळे कोणाकडेच राहत नाही.

या वजावटी तीन प्रकारच्या असतात. पहिली वजावट घसाऱ्याची. मानक पॉलिसीनुसार रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, तर फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवर तो वाहनाच्या वयानुसार वाढत जातो आणि दहा वर्षांनंतर ५० टक्क्यांवर पोहोचतो. दुसरी वजावट सक्तीच्या स्वहिश्शाची असून ती १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारींना १,००० रुपये व त्यावरील मोटारींना २,००० रुपये असते. तिसरी वजावट बिलात दिसत नाही. ती म्हणजे 'नो क्लेम बोनस' गमावणे. सलग दावारहित वर्षांबद्दल स्वनुकसान विम्याच्या हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की ही सूट शून्यावर येते. दावा कोणाच्या चुकीमुळे करावा लागला, याचा विचार त्यात होत नाही.

उदाहरणार्थ, साडेतीन वर्षे जुन्या, १,२०० घनसेंटिमीटरच्या मोटारीला मागून धडक बसली असे मानू. प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपये, डिकीचे पत्र्याचे झाकण १२,००० रुपये, मागील काच ५,००० रुपये आणि मजुरी १०,००० रुपये, असे एकूण ३५,००० रुपयांचे बिल झाले. बंपरवर ४,००० रुपये, पत्र्यावर २५ टक्के म्हणजे ३,००० रुपये आणि स्वहिस्सा १,००० रुपये वजा होऊन कंपनी २७,००० रुपये देईल. या मालकाचा सवलतीपूर्वीचा स्वनुकसान हप्ता ८,००० रुपये असून त्याला सध्या ३५ टक्के सूट मिळत असेल, तर पुढील पाच नूतनीकरणांत तो मिळून हप्त्याच्या १२० टक्के, म्हणजे ९,६०० रुपयांची सूट गमावेल (हिशेबासाठी हप्ता स्थिर धरला आहे). पदरचे ८,००० रुपये धरता ३५,००० रुपयांच्या नुकसानीपैकी १७,६०० रुपयांचा भार अखेर निर्दोष मालकावरच पडतो. म्हणूनच लहान दुरुस्तीसाठी दावा न करणे अनेकदा फायद्याचे ठरते. शून्य घसारा आणि बोनस संरक्षण ही जादा हप्ता भरून मिळणारी पूरक संरक्षणे याच दोन वजावटींवरील उपाय आहेत.

दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या विमाकृत घोषित मूल्याच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास वाहन पूर्ण नुकसानग्रस्त मानले जाते आणि दुरुस्तीऐवजी त्या मूल्याच्या आधारे भरपाई दिली जाते.

केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या मालकाला स्वतःच्या कंपनीकडून वाहनासाठी काहीच मिळत नाही. त्याच्यापुढे न्यायाधिकरण किंवा समोरच्या मालकाशी थेट तडजोड हे दोनच मार्ग उरतात. रस्त्याच्या कडेला रोख रक्कम घेऊन मिटवण्याची प्रथा यातूनच रूढ झाली आहे. अशी रक्कम घेतल्यानंतर त्याच नुकसानीबद्दल पुन्हा विमा दावा करता येत नाही, कारण विमा हा भरपाईचा करार असून त्यातून एकाच हानीची दुहेरी वसुली होऊ शकत नाही. शिवाय गॅरेजमध्ये गाडी उघडल्याशिवाय नुकसानीचा खरा आकडा कळत नाही, त्यामुळे जागीच ठरलेली रक्कम बहुधा अपुरी पडते.

शारीरिक इजा आणि मृत्यू

येथे चित्र बदलते. त्रयस्थ व्यक्तीच्या मृत्यू वा इजेबद्दल कलम १६६ खालील दाव्यात समोरच्या विमा कंपनीच्या दायित्वाला रकमेची ठरावीक मर्यादा नाही. न्यायाधिकरणाला 'न्याय्य' वाटेल ती भरपाई ते देऊ शकते. अर्ज अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. नाशिकच्या रहिवाशाला गुजरातमध्ये अपघात झाला, तरी त्याला तेथे खेटे घालावे लागत नाहीत.

अर्जाच्या मुदतीचा इतिहास लक्षणीय आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली. अपघाताच्या दिनांकापासून सहा महिन्यांत अर्ज करावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. रुग्णालयात दीर्घकाळ पडून राहिलेल्या जखमींच्या दृष्टीने ही मुदत कठोर आहे. तिच्या घटनात्मक वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईची तरतूद कलम १६४ मध्ये आहे. तीनुसार मृत्यूसाठी ५ लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम विहित पद्धतीने स्वीकारल्यास कलम १६६ खालील अर्ज संपुष्टात येतो. कमावत्या व्यक्तीच्या कुटुंबाने ती तातडीपोटी स्वीकारल्यास मोठ्या रकमेवरचा हक्क हातून जाऊ शकतो.

भरपाईचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बऱ्याच अंशी एकसारखा केला आहे. मृताच्या वार्षिक उत्पन्नात भावी वाढ मिळवायची, त्यातून त्याचा वैयक्तिक खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, अशी ही रीत आहे. स्वयंरोजगारातून महिना २०,००० रुपये मिळवणारी ३४ वर्षांची व्यक्ती चार अवलंबितांना मागे ठेवून मरण पावली, तर वार्षिक २,४०,००० रुपयांत ४० टक्के भावी वाढ मिळवून ३,३६,००० रुपये होतात. एकचतुर्थांश वैयक्तिक खर्च वगळता २,५२,००० रुपये उरतात. त्यांना १६ ने गुणल्यास ४०,३२,००० रुपये येतात. अंत्यसंस्कार, संपदाहानी आणि सहवासहानी यांच्या रकमा वेगळ्या मिळतात. कलम १६४ च्या ५ लाखांशी तुलना केल्यास दोन मार्गांतील अंतर स्पष्ट होते.

जखमीचीही काही चूक आढळल्यास त्या प्रमाणात भरपाई कमी होते. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसरी व्यक्ती जखमी झाली असेल, तर ती दोघांपैकी कोणाकडूनही संपूर्ण रक्कम वसूल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई खटल्यात (२०१५) स्पष्ट केले. रिक्षा किंवा जीपमधील प्रवाशांना या निकालाचा मोठा आधार आहे. समोरच्या चालकाकडे योग्य परवाना नव्हता, असा बचाव विमा कंपन्या वारंवार घेतात. स्वरणसिंग खटल्यात (२००४) न्यायालयाने, कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, हा मार्ग मान्य केला.

पोलीस व पुरावा

अपघातानंतर जखमींना वैद्यकीय मदत मिळवून देणे, २४ तासांत पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे, ही कलम १३४ नुसार चालकाची कर्तव्ये आहेत. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला सादर करावयाचा असतो. तपशीलवार अहवाल मिळाल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय कळवणे अपेक्षित आहे. कोणीही जखमी झालेले नसल्यास पोलीस अनेकदा गुन्हा न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करतात. तिची प्रत मागून घेणे उपयुक्त ठरते.

न्यायाधिकरणात चूक फौजदारी खटल्याइतक्या काटेकोरपणे सिद्ध करावी लागत नाही. संभाव्यतेचा कल कोणत्या बाजूला आहे, हे पाहिले जाते. तरीही वाहने हलवण्यापूर्वीची छायाचित्रे, डॅशकॅमचे चित्रण, जवळच्या दुकानांतील सीसीटीव्ही आणि साक्षीदारांचे पत्ते यांवर बहुतेक दावे उभे राहतात. सीसीटीव्हीचे चित्रण थोड्या दिवसांत पुसले जात असल्याने ते लवकर मिळवावे लागते. समोरच्या वाहनाचा क्रमांक हाती असल्यास त्याच्या विम्याची स्थिती परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीवर पाहता येते.

पळून गेलेले अथवा विमा नसलेले वाहन

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी या रकमा २५,००० व १२,५०० रुपये होत्या. वाहनाच्या नुकसानीबद्दल या योजनेत काहीही मिळत नाही. विमा नसलेल्या वाहनाच्या बाबतीत न्यायाधिकरण मालक व चालक यांना जबाबदार धरते, पण निवाडा मिळणे आणि पैसे मिळणे यांत बरेच अंतर राहते. सार्वजनिक परिवहन उपक्रमांना स्वतंत्र निधी उभारण्याच्या अटीवर विम्यातून सूट देता येते. अशा उपक्रमाच्या बसने धडक दिल्यास दावा थेट त्या उपक्रमावर केला जातो. जखमींच्या तातडीच्या उपचारांसाठी मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेत पहिल्या सात दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे.

तक्रार निवारण

स्वतःच्या विमा कंपनीने दावा नाकारल्यास किंवा कमी रक्कम दिल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. केवळ सूचना देण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ च्या परिपत्रकात बजावले आहे. समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध मात्र हे दोन्ही मार्ग उपयोगी पडत नाहीत. बाधित व्यक्ती त्या कंपनीची ग्राहक नसल्याने तिला न्यायाधिकरणाकडेच जावे लागते. न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम १ लाख रुपयांहून कमी असल्यास अपील करता येत नाही.