शीतन मनोऱ्याचे लाकूड

चेन्नईच्या उत्तरेस, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, मणलीचा औद्योगिक पट्टा आहे. तेथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यांत तापलेले पाणी थंड करून पुन्हा वापरण्याचे काम शीतन मनोरा, म्हणजेच कूलिंग टॉवर, करतो. पाणी वरून पट्ट्यांच्या जाळीवर सोडतात आणि पंख्याने त्यातून हवा खेचतात. पाण्याचा शंभरावा हिस्सा वाफ होऊन गेला, की उरलेले पाणी सुमारे ६ अंश सेल्सियसने निवते. विसाव्या शतकात असे असंख्य मनोरे लाकडाचे बांधले गेले. त्यांसाठी लाकूड कसे निवडावे?

पाण्याने लाकूड कुजते, हा समज अपुरा आहे. कुजविणाऱ्या कवकांना ओलाव्याबरोबर हवाही लागते. म्हणून पूर्ण बुडालेले लाकूड दीर्घकाळ टिकते, आणि कोरडे लाकूडही टिकते. मनोऱ्यात मात्र ओलावा, ऊब आणि हवा या तिन्ही गोष्टी अहोरात्र एकत्र नांदतात.

भिजणाऱ्या पट्ट्यांचा पृष्ठभाग हळूहळू मऊ पडून झिजतो. १९५४ मध्ये ब्रिटिश संशोधक सेव्हरी यांनी या विकाराला ‘मऊ कुज’ असे नाव दिले. वरच्या भागातील तुळयांवर पाण्याची धार नसते, केवळ दमट हवा असते. तेथे कुज आतून पसरते. तुळई बाहेरून धडधाकट दिसते आणि दुरुस्तीस चढलेल्या कामगाराच्या पायाखाली मोडते. निवडीतील चूक अशा रीतीने जिवावर बेतू शकते.

साग व साल यांचे मध्यकाष्ठ स्वभावतःच टिकाऊ असते. मात्र त्यात परिरक्षक द्रव्य सहसा शिरत नाही, आणि त्यांच्या रसकाष्ठात हा टिकाऊपणा नसतो. चीड उघड्यावर लवकर कुजते, परंतु परिरक्षक सहज शोषून घेते. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी तांबे, आर्सेनिक व क्रोमियम यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. दाबाखाली ते लाकडात भरले, की चिडीसारखे स्वस्त लाकूडही उपयोगी ठरते. मात्र कापणे आणि भोके पाडणे ही कामे त्याआधीच उरकावी लागतात. नंतर पाडलेले प्रत्येक भोक कवकाला आत शिरण्याची वाट करून देते.

तथापि उत्तम लाकूडही वाईट पाण्यापुढे टिकत नाही. वाफ उडते, क्षार मागे राहतात आणि पाणी अल्कधर्मी होत जाते. असे पाणी व जादा क्लोरीन मिळून लाकडाला दृढता देणारे लिग्निन विरघळवितात. चेन्नईसारख्या पाणीटंचाईच्या शहरात, जेथे शुद्ध केलेले सांडपाणीही कारखान्यांत वापरले जाते, या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पाण्याचे पीएच मूल्य ८ च्या वर जाऊ देऊ नये आणि क्लोरीन बेताने वापरावे. खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट गंजतात व भोवतालचे लाकूडही दुबळे करतात. म्हणून न गंजणाऱ्या धातूचे बोल्ट घ्यावेत.

आज नव्या मनोऱ्यांत तंतुप्रबलित प्लॅस्टिकने लाकडाची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. जेथे लाकूड उरले आहे, तेथे प्रत्येक तुळई टोचून पाहणे हाच सुरक्षित मार्ग होय. परिरक्षक भरलेले जुने लाकूड सरपण म्हणून मात्र कधीही देऊ नये. त्याच्या धुरात व राखेत आर्सेनिक असते. मनोऱ्याला तारणारे विष चुलीपाशी बसलेल्या माणसाला मारक ठरते.