खाडीला बांध घाला की झाली वीज!

कोकणात विजेचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘‘एवढा समुद्र दारात आहे, रोज दोनदा भरती येते, फुकटची वीज वाया चाललीय.’’ पाठोपाठ देशाच्या किनाऱ्याची लांबी तोंडावर फेकली जाते.

लांबीचा आणि विजेचा संबंध नाही हो! वर्षानुवर्षं आपण ७,५१६ किलोमीटर पाठ केले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात ते ११,०९८ झाले, कारण खाड्या-वळणं अधिक बारकाईनं मोजली. किनारा साडेतीन हजार किलोमीटरनं ‘वाढला’, भरतीचं पाणी बोटभरही चढलं नाही.

वीज ठरते त्या चढण्यावर. भरतीला पाणी आत घ्यायचं, अडवायचं आणि ओहोटीला टर्बाइनमधून सोडायचं. खारबंदिस्तीची उघाडी पाहिलेल्याला हे नव्यानं सांगायला नको. अशी ऊर्जा पातळीतल्या फरकाच्या वर्गानुसार वाढते. एक चौरस किलोमीटर खाडी अडवली आणि फरक दोन मीटर असला, तर एका ओहोटीला कागदावर ५,६०० युनिट मिळतात. हातात त्याहून बरीच कमी येतात. फरक दहा मीटर असेल तर हाच आकडा १,४०,००० होतो. रत्नागिरी ते गोवा उधाणालाही फरक दोन-अडीच मीटरच्या आसपास. भावनगरला तो दहाच्या घरात जातो. शिवाय भांगाला फरक निम्म्यावर आला की वीज पावपट. आता सांगा, बांधाचा खर्च कोण आणि कशातून भरून काढणार?

‘पण सरकारच १२,४५५ मेगावॅट म्हणतं!’ म्हणतं, पण ती सैद्धांतिक क्षमता आहे. प्रत्यक्षात तेवढी वीज काढता येईलच असं नाही, हे नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानंच सांगून ठेवलंय. ते वाक्य मात्र कोणी पाठ करत नाही.

‘आपल्याकडे कोणी प्रयत्नच केला नाही.’ केला. केरळात विळिंजमला लाटांवरचं १५० किलोवॅटचं संयंत्र १९९१मध्ये सुरू झालं होतं. सुंदरबनातला दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॅटचा भरती-प्रकल्प मात्र खर्च बघून सोडून द्यावा लागला.

‘जगातही हे प्रयोगच आहेत.’ फ्रान्सचं ला रान्स १९६६पासून चालू आहे, २४० मेगावॅटचं. दक्षिण कोरियाचं सिहवा २५४चं. दोन्हीकडे भरतीचा फरक आपल्या कोकणाच्या दुपटीहून जास्त.

‘भरती बेभरवशाची.’ उलट, तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापता येतं.

‘पर्यावरणाला धक्का नाही.’ खाडीचं तोंड अडवलं की गाळ, मासे, कांदळवन यांचं गणित बदलतंच.

राहता राहिली समुद्राच्या उष्णतेवरची वीज. तिला वरच्या आणि खोल पाण्यात सुमारे २० अंशांचा फरक लागतो, म्हणजे साधारण हजार मीटर खोली. मुंबईसमोर तेवढं खोल पाणी गाठायला शेकडो किलोमीटर आत जावं लागतं. लक्षद्वीपमध्ये ते बेटालगतच आहे. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं कवरत्तीला २००५मध्येच खोल समुद्रातल्या थंड पाण्याच्या मदतीनं रोज एक लाख लिटर गोडं पाणी काढायला सुरुवात केली. तिथली वीज मात्र अजून मुख्यतः जहाजातून येणाऱ्या डिझेलवर. महागातली समुद्री वीजही त्या हिशेबात टिकण्याची शक्यता आहे. रत्नागिरीच्या खाडीत नाही.