भोंग्याच्या हाकेवर वसलेलं गाव

पेण तालुक्यातल्या जोहे गावात घर आणि कारखाना यांच्यात फारसं अंतर नसतं. पडवीत, अंगणातल्या मांडवात, घराला जोडून घातलेल्या शेडमध्ये गणपतीच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. एका बाजूला साच्यातून नुकत्याच निघालेल्या, अजून न वाळलेल्या मूर्ती, दुसऱ्या बाजूला रंगाचा पहिला हात बसलेल्या, आणि जिथे उजेड चांगला तिथे डोळ्यांची आखणी करणारा कारागीर. आखणीचा हात सर्वांत कसलेला, म्हणून हे काम सगळ्यात शेवटी आणि मोजक्याच माणसांकडे येतं. जोहे, शेजारचं हमरापूर आणि आसपासची गावं वर्षाचे बरेच महिने याच कामात असतात. भाद्रपद जवळ आला की इथल्या मूर्तींचे टेम्पो मुंबई-ठाण्याच्या वाटेला लागतात.

राहण्याची जागा आणि कामाची जागा हाकेच्या अंतरावर असली की गावाचा अख्खा दिवसच वेगळा घडतो. जेवायच्या वेळा, शेजाऱ्यांची ये-जा, मुलांच्या हाताला कधी आणि कसलं काम लागतं, हे सगळं त्या अंतरावर ठरतं. मुंबईतही असं एक गाव होतं आणि त्याच्या नावातच गाव होतं: गिरणगाव. भायखळ्यापासून लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, शिवडी, नायगाव, प्रभादेवीपर्यंत पसरलेल्या या वस्तीत आज राहणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात याच अंतरापासून करावी लागते.

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये केली. ताडदेवच्या या गिरणीतून 1856 मध्ये सूत निघू लागलं. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. त्यानंतरच्या दशकांत शहराच्या तेव्हाच्या वेशीवर, भायखळा-परळच्या भागात, एकापाठोपाठ एक धुराडी उभी राहिली. त्या काळी बस नव्हती आणि लोकल परवडणारी नव्हती. भोंगा वाजल्यावर वेळेत फाटकाच्या आत पोहोचायचं तर चालत जाता येईल अशाच ठिकाणी बिऱ्हाड हवं. त्यामुळे गिरण्यांच्या भिंतींना लागून चाळी वाढल्या.

माणसं आली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून. पेण-अलिबागकडचे लोक धरमतर-रेवसहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि गाववाल्याचा पत्ता शोधत लालबाग-परळ गाठायचे. गिरणीत लावून देणारा जॉबर बहुधा ओळखीचा, आपल्याकडचाच. सुरुवात बदली कामगार म्हणून: रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी दिवस भरायचा, नाहीतर हात हलवत परत. कुणी कापड विणायच्या साचेखात्यात लागे, कुणी सूत कातायच्या खात्यात. कापसाचा कोंडा छातीत साठे आणि खोकला आयुष्यभराचा सोबती होई.

राहायची सोय गावकीच्या खोलीत. एका गावची पंधरा-वीस माणसं मिळून एक खोली धरत. भिंतीवर प्रत्येकाची खुंटी, कोपऱ्यात ट्रंक, आणि झोप पाळीप्रमाणे: रातपाळीवाला आला की त्याच्या जागेवरचा दिवसपाळीवाला उठलेला असे. उरलेली माणसं गॅलरीत, जिन्यात, पावसाळा नसला तर फुटपाथवर. जेवण खानावळवालीकडे. स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस पानांचा स्वयंपाक करणाऱ्या या बायका गिरणगावाच्या अर्थकारणाचा कणा होत्या. पगार झाल्यावर पैसे मिळत, तोवर किराणा सावकाराकडून उधारीवर. स्वातंत्र्यसैनिक प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेचं कर्ज या बायकांच्या नावावर मिळू लागलं आणि सावकाराचा फास सैल झाला.

एवढ्या दाटीत जे सांस्कृतिक जीवन घडलं, त्याला महाराष्ट्रात तोड नाही. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 चं. नमन, शक्ती-तुरा, दशावतार, भजनी मंडळं ही कोकणातून आली. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचा आवाज इथल्या मैदानांवर घुमला. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेलं अनाथ मूल पुढे कवी नारायण सुर्वे झालं. गणेशोत्सवांचंही तेच: चिंचपोकळीचं मंडळ 1920 चं, गणेश गल्लीचं 1928 चं, आणि बाजारासाठी हक्काची जागा मिळाली म्हणून 1934 मध्ये बसवलेला लालबागचा राजा.

मग 1982 आलं. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस यांच्याबरोबर एक मोठी मागणी होती ती आपली संघटना आपण निवडण्याच्या हक्काची. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता होती आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. लाखभराहून अधिक कामगारांची नोकरी गेली. कुणी गावी परतला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला. घरातल्या बायकांनी पोळीभाजीचे डबे, मसाले, शिवणकाम यांवर संसार ओढले.

गिरण्या थंडावल्या, पण त्यांच्या पायाखालची जमीन सोन्याची झाली होती. साधारण 600 एकर, तीही शहराच्या मधोमध. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58 ने सरळ वाटणी सांगितली होती: एक तृतीयांश जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडाही मांडला. 2001 मध्ये मात्र नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीची इमारत पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याविरुद्ध निकाल दिला, तर मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे शहराच्या वाट्याला यायची होती त्यातली बरीच मैदानं आणि घरं कागदावरच राहिली. भाव कसे चढले याचं एक उदाहरण पुरेसं आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल 2005 च्या लिलावात 702 कोटींना गेली. सात वर्षांनी तीच जमीन सुमारे 2,700 कोटींना पुन्हा विकली गेली.

फिनिक्स मिलचा मॉल झाला, धुराडं शोभेसाठी ठेवलं. कमला मिल, रघुवंशी मिल, तोडी मिल ही नावं आता ऑफिसांच्या आणि हॉटेलांच्या पत्त्यात उरली आहेत. ज्या शहराचा व्यापारी मध्य एकेकाळी फोर्टात होता, त्याचा मोठा भाग लोअर परळला सरकला. वेशीबाहेरची कामगार वस्ती अशी शहराच्या ऐन मध्यात आली.

अमेरिकेतल्या लोवेल शहराची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तिथल्या कापड गिरण्या बंद पडल्यावर 1978 मध्ये तो परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जाहीर झाला. जुन्या विटांच्या इमारती राखल्या गेल्या. काहींत संग्रहालय झालं, काहींत घरं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या अँकोट्स भागात गिरण्यांच्या इमारतींचे फ्लॅट झाले. तिथे इमारती टिकल्या, पण त्यांत राहायला नवी माणसं आली. गिरणगावात उलटं घडलं. गिरण्या पाडल्या गेल्या आणि त्यांच्या भोवतीची माणसं, निदान त्यांतली पुष्कळशी, जागेवर राहिली.

ती राहिली याचं मोठं कारण भाडे नियंत्रण. 1947 च्या कायद्याने भाडी गोठली, पागडीने घेतलेल्या खोल्या पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबात राहिल्या. म्हणूनच कोट्यवधींच्या टॉवरला लागून असलेल्या चाळीत आजही निवृत्त कामगाराची सून गॅलरीत पापड वाळत घालू शकते. गोठलेल्या भाड्याचा दुसरा परिणाम म्हणजे मालकाने दुरुस्तीवर पैसा घालणं सोडलं. गळकी छपरं, टेकू लावलेले जिने आणि दर पावसाळ्यापूर्वी येणारी धोकादायक इमारतींची यादी हा त्याच सवलतीचा हिशेब आहे.

दुसरं कारण कामाचं. काही धंदे अजून याच गल्ल्यांना धरून आहेत. मार्च ते मे या काळात लालबागच्या मसाला गल्लीत गेलं तर शंभर पावलांतच ठसका लागतो. बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्यांच्या राशी लावलेल्या असतात. बायका घरचं प्रमाण सांगून मिरची आणि धणे-खसखस तोलून घेतात, तिथेच भाजून घेतात आणि डंकावर कुटून होईपर्यंत डब्याशेजारी उभ्या राहतात. आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून नजर हलत नाही. जवळच चिवडा गल्ली. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं चालत जाण्याच्या टप्प्यात, त्यामुळे रायगड-रत्नागिरीहून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आजही परळच्या चाळीतल्या गाववाल्याकडे उतरतात.

आणि गणपती. परळ-लालबागच्या मंडपांत सार्वजनिक मंडळांच्या वीस-वीस फुटी मूर्ती घडतात. घरगुती मूर्तींचा मोठा पुरवठा पेण, हमरापूर, जोह्यातून होतो. दोन्ही ठिकाणी काम एकच असलं तरी अडचणी वेगळ्या आहेत. जोह्यात प्लास्टर ऑफ पॅरिसवरच्या निर्बंधांनी अनेक वर्षं कारखानदारांची झोप उडवली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं 2020 मध्ये आली. 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मोकळीक देताना नैसर्गिक पाण्यात विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. लालबाग-परळच्या मूर्तिकाराला मात्र आधी जागेची चिंता असते. उंच मूर्तीसाठी उंच मंडप लागतो आणि महिनोन्‌महिने मोकळी जमीन लागते. पुनर्विकासाने नेमकी तीच कमी केली. जोह्यात अंगण आहे म्हणून कारखाना आहे; लालबागला मैदान गेलं तर मूर्तिकारही जाईल.

घर आणि काम यांच्यातलं हे चालत जाण्याचं अंतर तुटलं की काय होतं, ते 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर दिसलं. पाऊस, अरुंद जिना आणि ऑफिसची गर्दी यांत 23 जणांचा जीव गेला. चालत कामाला जाणाऱ्या वस्तीसाठी बांधलेली स्थानकं विरार-कर्जतहून येणाऱ्या नोकरदारांच्या लोंढ्याला अपुरी पडली होती.

कामगारांच्या घरांचा प्रश्नही अंतराचाच आहे. म्हाडाने 28 जून 2012 ला गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची पहिली सोडत काढली. 2020 मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या 3,894 घरांची. ज्यांना ही घरं लागली ते गिरण्यांच्याच जमिनीवर, मालकीच्या घरात राहायला आले. पण अर्ज दीड लाखांच्या आसपास होते. उरलेल्यांसाठी पनवेलजवळचं कोन, कर्जतकडचं शेलू, वांगणी अशी नावं पुढे आली. यातली कोन आणि शेलू रायगड जिल्ह्यातच आहेत. ज्या जिल्ह्यातून आजोबा बोटीने मुंबईत आले, त्याच जिल्ह्यात नातवाला घर घ्या असं सांगितलं गेलं. कामगारांच्या वारसांनी जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर येऊन घर मुंबईतच हवं असं ठणकावून सांगितलं. ही मागणी हट्टाची नाही. नातवाची नोकरी, मुलांची शाळा आणि म्हातारीचं केईएममधलं औषध परळमध्ये आहे, शेलूत नाही.

सध्या सगळ्यांचं लक्ष बीडीडी चाळींवर आहे. 1920 च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीत बांधलेल्या या चाळींत एका कुटुंबाला 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक शौचालय होतं. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेही विनामूल्य आणि त्याच आवारात. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या घरातल्या सुनेला स्वतःचं न्हाणीघर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि चाळीच्या आठवणींचे कढ काढताना ती विसरता कामा नये.

बाकीच्या चाळींच्या पुनर्विकासाच्या बैठकांत रहिवासी चौरस फुटांबरोबर आता आणखी प्रश्न विचारू लागले आहेत. संक्रमण शिबिर कुठे आणि किती वर्षं? सुरुवातीची काही वर्षं सरली की लिफ्ट-पाण्याचा मासिक खर्च कोण भरणार, त्यासाठीचा कॉर्पस फंड किती? विक्रीच्या टॉवरचं आणि आपलं फाटक एकच असेल की वेगळं? तळमजल्यावर पोळीभाजी केंद्राला, पिठाच्या गिरणीला गाळा मिळेल का? गणपतीचा मंडप घालायला मोकळी जागा नकाशात दाखवली आहे का? या प्रश्नांची लेखी उत्तरं करारनाम्यात आल्याशिवाय सही करू नये, असं लालबाग-परळमधले अनुभवी रहिवासी एकमेकांना सांगतात. एकदा इमारत पडली की बोलणी करायला हातात काही उरत नाही, हे त्यांनी गिरण्यांच्या वेळी पाहिलेलं आहे.