संमेलनातील परिचय आणि तद्विद्यसंभाषा

वैद्यकीय संमेलनाहून परतताना आपल्या हाती सामान्यतः एक कापडी पिशवी, औषधांचे काही नमुने, स्मरणिका आणि वीस-पंचवीस व्हिजिटिंग कार्डे असतात. महिन्याभराने त्यांपैकी कोण कोणत्या विषयात निष्णात आहे, हे स्मरत नाही. भगंदराचा एखादा रुग्ण क्षारसूत्रासाठी विश्वासाने कोणाकडे पाठवावा, असा प्रश्न पडतो तेव्हा त्या कार्डांच्या गठ्ठ्याचा काहीच उपयोग होत नाही. परिचय वाढला, परंतु रुग्णाला त्याचा लाभ झाला नाही.

या विषयाचा विचार चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात केलेला आहे. समान शास्त्र जाणणाऱ्यांशी केलेल्या चर्चेस ते तद्विद्यसंभाषा म्हणतात. तिच्यामुळे ज्ञान वाढते, पूर्वी ऐकलेल्या विषयातील संशय फिटतो आणि न ऐकलेले कानी पडते. गुरूने प्रिय शिष्यास एकांतात सांगितलेले मर्मदेखील चर्चेच्या भरात प्रकट होते, असे निरीक्षण ते नोंदवितात. संभाषेचे दोन प्रकार आहेत. विगृह्य संभाषा जिंकण्यासाठी, तर संधाय संभाषा जाणण्यासाठी असते. दुसऱ्या प्रकारात निःशंकपणे विचारावे, विचारल्यास स्पष्ट सांगावे, पराभवाचे भय धरू नये, समोरच्यास निरुत्तर केल्याचा हर्ष मानू नये आणि जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये, असे नियम सांगितले आहेत. संमेलनातील मध्यंतरासाठी यांहून चांगले नियम सापडणे कठीण!

सूत्रस्थानात चैत्ररथ वनातील परिषदेचे वर्णन आहे. रस एकच येथपासून रस असंख्य येथपर्यंत मते तेथे मांडली गेली. असंख्य म्हणणारे कांकायन हे बाह्लीक देशाचे वैद्य होते. शेवटी आत्रेयांनी सहा रसांचा सिद्धान्त सांगितला. दूरच्या वैद्याचे भिन्न मतही आदराने ऐकण्याची ही परंपरा आहे. आधुनिक काळात वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला, तोही विखुरलेल्या वैद्यांना एकत्र आणण्यासाठीच.

आपल्या उपनगरांतील वैद्यही विखुरलेलेच आहेत. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे. पूर्व व पश्चिम उपनगरांच्या रेल्वेवाटाही वेगळ्या. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रोमुळे अंधेरी आणि घाटकोपर जवळ आले. तरीही एकट्याने चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यास समव्यवसायी भेटतात ते बहुधा संमेलनातच. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) जाण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका वाचून, आपल्या चिकित्सेत अडलेले दोन प्रश्न लिहून घ्यावेत. वक्त्याची केवळ स्तुती करण्यापेक्षा नेमका प्रश्न विचारल्यास परिचय टिकतो.

२) रुग्णाची चर्चा करताना त्याचे नाव व ओळख सांगू नये. यश सांगतो तसे अपयशही सांगावे.

३) औषधी दुकानदारांनी प्रदर्शनात केवळ सवलतीची चौकशी करू नये. उत्पादन परवाना, अनुसूची टी नुसार असलेले प्रमाणपत्र आणि कच्च्या द्रव्यांची परीक्षा यांविषयी विचारावे. अशोकाच्या सालीऐवजी शोभेच्या आसुपालवाची साल बाजारात येते. ही भेसळ कशी ओळखता, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून उत्पादकाची पारख होते.

४) परतल्यावर त्याच रात्री प्रत्येक कार्डामागे विषय व दिनांक लिहावा. आठवड्याच्या आत दोघा-तिघांशी संपर्क साधावा; मागितलेला संदर्भ किंवा पत्ता आठवणीने पाठवावा.

५) कोणी रुग्ण आपल्याकडे पाठविल्यास चिकित्सेचा वृत्तान्त त्या वैद्यास कळवावा आणि रुग्ण पुन्हा त्याच्याकडे पाठवावा. हे न केल्यास पुढचा रुग्ण येत नाही, आणि ते योग्यच आहे.

नवोदित वैद्य सभागृहात बहुधा मागील रांगेत संकोचाने बसलेले असतात. ज्येष्ठांनी स्वतः उठून त्यांची विचारपूस करावी. उद्या आपले रुग्ण त्यांच्याच हाती जावयाचे आहेत.