मातीतल्या लहान वस्तू : ओळख आणि जतन

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी बिस्किटांचा जुना डबा घेऊन भेटीस आला. जमिनीखालचे नळ आणि तारा शोधून देणे हा त्याचा व्यवसाय. लालबागमधील एक जुनी चाळ पाडल्यानंतर मालकांच्या संमतीने त्याने त्या आवारात धातुशोधक यंत्र फिरवले होते. डब्यात गंजलेले खिळे, काही नाणी, आकडा कोरलेला पितळी बिल्ला, हिरवट पडलेले एक बोधचिन्ह आणि बोटाएवढा लोखंडी शंकू होता. त्याने विचारले, ‘‘सर, यातले ठेवायचे काय आणि भंगारात घालायचे काय?’’

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. गिरगावपासून परळ-लालबाग-दादरपर्यंत चाळी पडत आहेत, माळे रिकामे होत आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांविषयी लिहिलेली पाने थोडी. त्यांच्या हातांतल्या वस्तू मात्र अजून सापडतात. त्या ओळखाव्यात कशा, याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही थोडे लिहीत आहोत.

पहिला नियम असा की, वस्तू घासू नये. चिंच, राख किंवा पितळेची पावडर लावली की तांब्यावरचा हिरवा थर जातो आणि त्याबरोबर झिजलेली अक्षरेही जातात. साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच पुरे. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. वस्तू कोठे, किती खोलीवर आणि कशासोबत सापडली, हे त्याच दिवशी कागदावर लिहून तो कागद वस्तूसोबत पुडीत ठेवावा. ठिकाण हरवलेली वस्तू अर्धी मुकी होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळचेच आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला. तेथे दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मातीच्या पात्राचे तुकडे, आठ कांस्यमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे एक लहान नाणे मिळाले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. एवढ्याशा पेटीतील वस्तूंमध्ये काही शतकांचे अंतर! म्हणजे ही पेटी पुढील काळात पुन्हा उघडली गेली आणि उपासकांनी तीत भर घातली, असे दिसते. पंडितजींनी सर्व वस्तूंची एकत्र नोंद केली नसती, तर हा निष्कर्ष काढताच आला नसता. यातून एक सूत्र हाती लागते : नाणे पुरल्याचे वर्ष सांगत नाही, ‘याच्या आधी पुरले गेलेले नाही’ एवढेच सांगते.

हे सूत्र आम्ही त्या डब्याला लावले. मध्ये गोल भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. महायुद्धात तांब्याची टंचाई झाल्यामुळे तो तसा पाडला गेला. दुसरे नाणे हलके, षट्‌कोनी, ॲल्युमिनियमचे तीन पैशांचे. हे १९६४ पासूनचे. दोन्ही बिल्ल्यासोबत एकाच खड्ड्यात होती, म्हणून ती माती १९६४ पूर्वीची असू शकत नाही. नाण्यावर ‘नया पैसा’ वा ‘नये पैसे’ असेल तर ते १९५७ नंतरचे, दशमान पद्धतीच्या पहिल्या वर्षांतले. स्वातंत्र्योत्तर नाण्यांवर वर्षाखाली हिऱ्यासारखी खूण असल्यास ते मुंबईच्या टांकसाळीचे समजावे. चुंबक जवळ ठेवावे, पण घाईने निर्णय करू नये. १९४७ चा रुपया निकेलचा असल्यामुळे तो खरा असूनही चुंबकाला चिकटतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रामदरबाराचे चित्र, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे आणि १६१६ किंवा १८१८ असे वर्ष असलेली तांब्याची ‘नाणी’ लाखो रुपयांना विकली जातात. ती तांदूळ ओढतात असेही सांगितले जाते. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. आपल्या वस्त्यांतील कष्टाचा पैसा या फसवणुकीत जाऊ नये.

पितळी बिल्ल्यावर केवळ आकडा होता. गिरणीत कामगाराची ओळख त्याच्या तिकीट क्रमांकाने होत असे; बिल्ला ही त्या क्रमांकाची खूण. तो किरकोळ समजू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरासाठी अर्ज करताना नोकरीचा पुरावा द्यावा लागतो. बिल्ला स्वतः पुरावा ठरेलच असे नाही; परंतु त्यावरील आकड्याच्या आधारे ट्रंकेतले हजेरीपत्रक, पास वा जुने ओळखपत्र शोधून जुळवता येते. घरी बिल्ला असेल तर तो आकडा आजच वहीत लिहून ठेवावा.

बोधचिन्ह महार रेजिमेंटचे निघाले. ही पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या चिन्हात कोरेगावचा जयस्तंभ होता. पुढे फुलीसारख्या ठेवलेल्या दोन मशीनगन आणि मध्ये खंजीर असे चिन्ह आले. डब्यातल्या चिन्हावर स्तंभ अस्पष्ट दिसतो. म्हणून ते पहिल्या काळातले ठरते.

राहिला लोखंडी शंकू. विद्यार्थी म्हणाला, ‘‘भोवऱ्याची आर असेल.’’ पण आर बारीक खिळ्यासारखी असते. हा जाड, गुळगुळीत, मागे लाकडात ठोकण्याची शेपटी असलेला. ओळंब्याला दोरीसाठी भोक असते, तेही येथे नव्हते. हे होते साच्यावरच्या धोट्याचे पोलादी टोक. लाकूड कुजून गेले, टोक राहिले.

आमच्या दृष्टीने त्या डब्यातील सर्वांत मोलाची वस्तू हीच. कांडी बदलताना विणकर धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सूत ओढून घेत असे. अस्पृश्याने हात लावलेल्या धोट्याला तोंड लावावे लागेल, या कारणावरून आपल्या लोकांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. आणि तेथेच पगार अधिक होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय पुढे आणला आणि आपल्या कामगारांना साचेखाते खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने स्वीकारली. ते तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत, गिरणगावातच राहत होते. हे टोक कोणाच्या हातातल्या धोट्याचे, हे ते सांगू शकत नाही. परंतु वर्गात ते मुलांच्या तळहातावर ठेवले, तेव्हा पुस्तकातली एक ओळ त्यांना प्रथमच जड लागली.

कायद्याचे भानही ठेवावे. संरक्षित स्मारकाच्या परिसरात परवानगीशिवाय खोदणे हा गुन्हा आहे. सोपाऱ्याचा स्तूप असाच संरक्षित आहे. खाजगी जागेतही मालकाची संमती हवी. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाण्यांना व शिल्पांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. आमच्या विद्यार्थ्यालाही आम्ही प्रथम अर्ज लिहिण्यास बसवले. शंका असल्यास फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जाणकारांना विचारावे.

माजी विद्यार्थी व पालकांना आमची नम्र विनंती आहे. घर रिकामे करताना डबा थेट भंगारवाल्याच्या तराजूत जाऊ देऊ नका. वस्तू आपल्याच घरी ठेवा. आम्हांला केवळ तिचे छायाचित्र आणि चार ओळी द्या : ती कोणाची, कोठली, घरातील वडीलधारी तिला काय म्हणतात. शाळेत अशा नोंदींची एक वही आम्ही सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर धोट्याचे टोक आहे. पुढची पाने आपली वाट पाहत आहेत.

जयभीम.